अर्धा पेला, लोखंडी चावी

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला अर्धा पेला पाणी दिलं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की तळमजल्यावर एक कंजूष माणूस राहायला आलाय. माझ्या चुकांची यादी मोठी आहे आणि तिच्यात ही चूक फार वरची नाही, पण सुरुवात हिच्यापासून झाली.

पेला स्टीलचा होता. तो माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "लागलं तर परत मागा. लाजायचं नाय." मी लाजलो. एप्रिलचं ऊन होतं, घसा कोरडा पडला होता, तरी "नको, नको, पुरे" म्हणत उठलो आणि वर येऊन उभ्या उभ्या दोन तांबे प्यायलो.

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. म्हणजे ज्या सभेला मी गैरहजर होतो त्या सभेत माझी एकमताने निवड झाली होती. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे आमची चार मजली इमारत. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचो, त्यामुळे सूचना, परिपत्रकं, स्मरणपत्रं हा माझा प्रांत. इमारतीत काही घडलं की बाकीचे लोक भांडायचे आणि मी नोटीस लिहायचो. अक्षर चांगलं होतं, भाषा त्याहून चांगली आहे असा समज होता. नोटीस टिकावी म्हणून मी ती लॅमिनेट करून घ्यायचो. या लॅमिनेशननेच पुढे माझा घात केला, पण ते नंतर.

तळमजल्यावरचे हे काका शहराच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. उभा जन्म रस्त्यातली झाकणं उचलून, आत चावी घालून, या गल्लीचं पाणी सोड, त्या गल्लीचं बंद कर, हेच काम. निवृत्त झाल्यावर सगळं सरकारजमा केलं, पण चावी मात्र आणली. कशी आणली हे मी कधी विचारलं नाही. छातीपर्यंत येणारा लोखंडी दांडा, वर धरायला आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. लोक कोपऱ्यात छत्री ठेवतात तशी ती त्यांच्या दाराआड उभी असायची.

आमच्या गच्चीवरच्या टाकीतून सगळ्या इमारतीला पाणी सोडणारा जो मोठा व्हॉल्व्ह होता, त्याचं चाक बिल्डरच्या काळातच तुटलेलं. तो फक्त काकांच्या चावीने फिरायचा. उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागल्यावर कमिटीने सकाळी एकच तास पाणी सोडायचं ठरवलं, पुढे ते बारा महिने तसंच राहिलं, आणि ते काम आपोआप काकांकडे गेलं. रोज सव्वासहाला ते चावी घेऊन जिना चढायचे. लिफ्ट होती, पण त्यांचा लिफ्टवर विश्वास नव्हता. प्रत्येक पायरीवर चावी टेकायची. ठण्, ठण्, ठण्. त्या आवाजावर लोक उठत, दूध तापवत, मुलांना हलवत. साडेसहाला पाणी सुटायचं.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर आंघोळीच्या बादलीवर त्यांनी आतून तांबड्या ऑइलपेंटची रेघ मारली होती. पाणी तिच्यावर गेलं की परत पिंपात. लग्नाला गेले की जेवणाऱ्यांपेक्षा टेबलाखालच्या अर्ध्या बाटल्यांकडे त्यांचं लक्ष. त्या गोळा करून ते मंगल कार्यालयाच्या झाडांना घालत, आणि वधूपिता काळजीने विचारी, "हे आपल्याकडचे की त्यांच्याकडचे?" एकदा रविवारी मी त्यांना मिसळ खायला नेलं. पोऱ्याने सवयीने दोन ग्लास काठोकाठ भरून आदळले. काकांनी आपला ग्लास परत केला. "अर्धा आण." मिसळ झणझणीत निघाली आणि त्यांनी तो अर्धा ग्लास सात वेळा मागवला. पोऱ्या म्हणाला, "बाबा, यापेक्षा जग ठेवू का?" काका म्हणाले, "नको. तू ये."

कुठला नळ गळतो हे त्यांना बघावं लागत नसे. चावीचं एक टोक पाइपाला टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा, डोळे मिटायचे. जिन्यात असा कान लावून उभा असलेला माणूस पाहून नवीन भाडेकरू घाबरत. "तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला फ्लश गळतोय," ते सांगत, आणि तो गळत असायचा.

आता माझ्या स्कूटरची गोष्ट. पंप चालू-बंद करणं माझ्याकडे होतं. खालच्या टाकीतलं पाणी वर चढवायचं आणि वरची भरली की बटण बंद करायचं, यात चुकण्यासारखं काही नाही. मी चुकलो. पंप चालू करून वर्तमानपत्र घेऊन बसलो आणि पुरवणीतल्या शब्दकोड्यात अडकलो. वरची टाकी भरून वाहू लागली. पाऊण तासाने खाली उतरतो तो गच्चीवरून पार्किंगमध्ये धो धो धार लागलेली, आणि तिच्यासमोर काका खुर्ची टाकून, छत्री उघडून बसलेले.

"काय करताय काका?"

"पाऊस बघतोय," ते म्हणाले. "सेक्रेटरीसाहेबांची कृपा. एवढ्या उन्हाळ्यात कुठं मिळतो बघायला?"

मी धावत जाऊन पंप बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लंबर बोलावून ओव्हरफ्लोच्या पाइपाला एक एल्बो, म्हणजे तोंड वळवणारा वाकडा तुकडा, बसवून घेतला. गच्चीवर बसवलेल्या एका एल्बोने काय होणार, असं मला वाटलं. काय होणार ते पुढच्याच आठवड्यात कळलं. टाकी भरली की आता धार बरोबर माझ्या स्कूटरच्या सीटवर पडत होती. मी स्कूटर हलवली असती, पण पार्किंगच्या जागा मीच नोटीस काढून नेमून दिल्या होत्या, लॅमिनेट करून. त्यानंतर त्या ओल्या सीटवर दोनदा बसून कचेरीत गेलो. तिसऱ्यांदा टाकी वाहिली नाही.

असं असूनही पाणी पुरेना. सुरुवातीला तासभर पुरायचं ते अर्ध्या तासात संपू लागलं. काकांनी सगळ्या पाइपांना कान लावला. रंगपंचमीचा उरलेला रंग चिमूटभर प्रत्येकाच्या फ्लशच्या टाकीत टाकून कुणाच्या भांड्यात फ्लश न ओढता रंग उतरतो ते तपासलं. दोन टाक्या गळक्या निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या. तरी पाणी सात वाजता खल्लास.

मग इमारतीने गुन्हेगार शोधला. चौथ्या मजल्यावर सुनंदाताई भाड्याने राहायच्या. मूळच्या निफाडकडच्या. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन शहरात आल्या, मुलगी नर्सिंगला आणि या डबे करायच्या. पोळी-भाजी, वरण-भात. डब्यांना पाणी लागतं, म्हणून पाणी त्याच संपवतात, हे सगळ्यांना इतकं स्पष्ट दिसलं की कुणाला वर जाऊन बघायची गरज वाटली नाही. अध्यक्षांनी मला सांगितलं, "घरमालकाला पत्र लिहा. डबे बंद, नाहीतर जागा खाली. रविवारच्या सभेत मंजूर करून टाकू."

मी पत्र लिहिलं. माझ्या उत्तम पत्रांपैकी ते एक होतं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'सदर भाडेकरू या टाकीच्या सर्वांत निकट वास्तव्यास असल्याचा गैरफायदा घेऊन अन्य सभासदांच्या आधी पाणी ओढून घेत आहेत.' मी ते काकांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टाकीच्या जवळ राहून पाणी जास्त मिळतं?"

"मिळणारच ना!"

"धरणाच्या कडेच्या गावांत जाऊन या एकदा." मग माझी दया आल्यासारखं समजावून सांगितलं. टाकी तिच्या डोक्यावर जेमतेम हातभर. खालच्या तीन मजल्यांनी नळ सोडले की सगळं पाणी खाली पळतं, वरच्या नळाला नुसती हवा येते. "ती बाई ओढत नाय. तिला सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं मिळतं. आमच्यासारखं."

'आमच्यासारखं' म्हणजे काय, हे मी त्या दिवशी विचारलं. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. नांदगावकडचं गाव. विहिरीवर त्यांच्या वस्तीला चढू देत नसत. आई घागर घेऊन खाली थांबायची, वरून कुणी तरी ओतायचं. तहान लागली तर ओंजळ करायची. "ओतणाऱ्याचा हात थांबला की आपली तहान संपली. परत मागायची सोय नव्हती."

मला तो अर्धा पेला आठवला. मी म्हटलं, "काका, म्हणजे तुम्ही लोकांना अर्धाच पेला..."

"अर्धा देतो म्हणजे वाया जात नाय. आणि परत मागा म्हणतो," ते म्हणाले. "परत मागता आलं पाहिजे माणसाला. तुम्ही मागितलंच नाय त्या दिवशी. वर जाऊन प्यायलात. आवाज आला मला पाइपातून."



सभेच्या दोन दिवस आधी ते दारात आले. "आत येणारं पाणी आपण बघितलं. पाइपातलं ऐकलं. पण बाहेर काय जातंय ते कुणी बघितलं? त्या वेळेला मी गच्चीवर असतो." त्यांचा बेत साधा होता. चावी सुनंदाताईंनी न्यायची आणि आम्ही दोघांनी फाटकाजवळच्या चेंबरपाशी उभं राहायचं. सगळ्या न्हाणीघरांचं पाणी तिथून जायचं.

दुसऱ्या दिवशी ताई सहालाच खाली आल्या, हाताला कणीक लागलेलीच. काका त्यांना म्हणाले, "पायरी-पायरीला ठोकत जा. मी जातो तस्सं."

"एवढं जड रोज घेऊन चढता व्हय काका?" ताईंनी चावी उचलून पाहिली. "आन् मंग लोकं म्हणत्यात मी पाणी चोरती."

मी चेंबरच्या झाकणाकडे फार लक्षपूर्वक बघू लागलो.

काकांनी झाकण बाजूला सारलं. आत चिखलाचा ओलावा आणि एक झुरळ. जिन्यातून आवाज आला, ठण्, ठण्. पहिला मजला, दुसरा. आणि चेंबर बोलायला लागलं. आधी एका पाइपातून, मग दुसऱ्यातून, मग चारी बाजूंनी धारा. अजून व्हॉल्व्ह उघडायचा होता. नळाला थेंब नव्हता. आणि गटारात पाणी धावत होतं.

काकांनी ओंजळ भरून माझ्यासमोर धरली. साबण नाही, तेल नाही, खरकटं नाही. स्वच्छ पाणी.

"हे आंघोळीचं नाय," ते म्हणाले. "हे प्यायचं आहे."

आम्ही पहिल्या मजल्यावर गेलो. दार उघडं होतं. जोशीकाकू न्हाणीघरात पाण्याचं पिंप आडवं करून शेवटचे तांबे ओतत होत्या.

"काकू, हे काय करताय?" मी ओरडलो.

"काय म्हणजे? कालचं पाणी ओततेय. चावीचा आवाज आला की ओतायचं, मग ताजं भरायचं."

"पण का?"

काकूंनी मला वेडा ठरवणाऱ्या नजरेने पाहिलं. "तुमचीच नोटीस आहे ना!"

दुसऱ्या मजल्यावरही तेच. तिसऱ्यावर माझ्या स्वतःच्या घरात बायको न्हाणीघराच्या मोरीत आमचं मोठं पातेलं उपडं करत होती. "बघू नका असे," ती म्हणाली. "दोन वर्षं ओततेय. तुम्ही झोपलेले असता."

चौथ्या मजल्यावर ताईंच्या मोरीत प्लास्टिकचा एक ड्रम होता. तोंडाला पांढरं स्वच्छ फडकं दोरीने आवळून बांधलेलं, आत वीतभर पाणी. ताई गच्चीवरून चावी घेऊन आल्या. काकांनी विचारलं, "तुम्ही नाय ओतत?"

"कालचं पाणी काय नासतं व्हय? झाकून ठेवलं की झालं. आन् टाकायला आधी मिळाया तर पाह्यजे."

नोटीस खाली लिफ्टशेजारी होती. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूची साथ होती तेव्हा घरोघर एक पत्रक आलं होतं: पाणी झाकून ठेवा, आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून कोरडी करा. ते मी आमच्या लोकांसाठी नव्याने लिहिलं. 'आठवड्यातून एक दिवस' मला मिळमिळीत वाटलं. त्यात जोर नव्हता. मी लिहिलं: 'साठवलेले पाणी रोज, न चुकता, पूर्णपणे ओतून देऊन भांडी नव्याने भरावीत.' झाकण्याचं वाक्य जागेअभावी गाळलं. आणि लॅमिनेट केलं. साथ गेली, पण नोटीस टिकली. आमच्या लोकांनी माझी एकही सूचना कधी पाळली नव्हती. जिन्यात चपला काढू नका ही तर अजून पाळत नाहीत. ही एकच पाळली, कारण शिळं पाणी टाकावं हे त्यांना आधीपासून पटलेलं होतं. मी फक्त सही केली.

काकांनी नोटिशीखालची माझी सही बोटाने दाखवली. "धरणात पाणी वर्षभर पडून असतं ते ताजं, आणि तुमच्या पिंपात एक रात्र राहिलं की शिळं," एवढंच म्हणाले. मग आपलीच चावी हातात तोलून जरा हसले. "आणि इशारत मी देत होतो. दोन वर्षं."

सभेसाठी मी रात्रभर, म्हणजे दहापर्यंत, निवेदन तयार केलं. 'काही गैरसमजुतीमुळे पाण्याचा अपव्यय होत असल्याचे निदर्शनास आले आहे.' सकाळी ते काकांना दाखवलं. त्यांनी वाचून परत दिलं.

"यात तुम्ही कुठंयत?"

"मी... म्हणजे सर्वसाधारणपणे..."

"त्या बाईच्या पत्रात तिचं नाव होतं. फ्लॅट नंबर होता."

सभा पार्किंगमध्येच. सुनंदाताई मागे, खांबाशी उभ्या होत्या. मुलगीही आली होती. अध्यक्षांनी पत्र वाचायला घेतलं आणि ताई मध्येच म्हणाल्या, "मला एकच सांगा. डबे बंद केले तर आम्ही खायाचं काय, आन् जागा सोडली तर पोरीचं शेवटचं वर्ष हाय, तिनं जायाचं कुठून?" जोशीकाकू पदराशी चाळा करू लागल्या.

मी उठलो. माझी सगळी भाषा गेली होती. मी म्हणालो, "पाणी मी संपवलं." आणि सगळं सांगितलं, नोटीस, 'रोज', गाळलेलं वाक्य, चेंबर. आधी तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी हसू लागले, मग सगळेच. माणसांना इतकं मनापासून हसताना मी आमच्या सोसायटीत पूर्वी पाहिलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "सेक्रेटरीच्या घरमालकाला पत्र पाठवा!" माझी बायको सगळ्यांत जोरात हसत होती.

पत्र फाटलं. नोटीस काढायला गेलो तर निघेना. इतकी पक्की चिकटवली होती. शेवटी काकांनी चावीच्या टोकाने खरवडली. तिचा एक कोपरा अजून तिथे आहे. लोकांनी पिंपांना फडकी बांधली, ओतणं आठवड्यातून एकदा, तेही झाडांना. आठवड्याभरात ताईंच्या नळाला सात वाजता धार होती. बारीक होती, पण होती.

पुढच्या वर्षी काकांचे गुडघे गेले. मनमाडला मुलीकडे जायचं ठरलं. चावी आता कुणाकडे जाणार हे उघड होतं. मी दाराआड एक जागा रिकामी केली, फरशीवर ओरखडे नकोत म्हणून खाली रबराचा तुकडासुद्धा टाकला. निघायच्या दिवशी काका चावी घेऊन जिना चढू लागले. मी तिसऱ्या मजल्यावर दार उघडून उभा. ठण्, ठण्, ठण्. ते माझ्यासमोर थांबले, दम घेतला, म्हणाले, "अर्धा पेला पाणी द्या." प्यायले. "परत द्या." परत प्यायले. आणि चावी घेऊन वर गेले.

वरून त्यांचा आवाज ऐकू आला. "ताई, ज्याला शेवटी पाणी मिळतं त्याच्याकडं चावी पाहिजे. तुमच्या नळाला आलं म्हणजे सगळ्यांना आलं. आधी स्वतःचा नळ बघायचा, मग व्हॉल्व्ह बंद करायचा."

गेल्या हिवाळ्यात मनमाडहून फोन आला, काका गेले म्हणून. मी आणि ताई बसने जाऊन आलो. ताईंनी डबा आणला होता, तो परतीच्या वाटेत आम्ही दोघांनी खाल्ला.

ताईंची मुलगी आता नोकरीला लागलीय, तरी डबे चालू आहेत. चावी ताईंच्या दाराआड असते. सव्वासहाला तोच आवाज येतो, फक्त आता तो वरून सुरू होतो. तो एल्बो काढायचं मी नव्या कमिटीला कधी सुचवलं नाही. पंप अजून माझ्याकडेच आहे. परवाच तो चालू करून मी शब्दकोड्यात बसलो. 'जलाशय, चार अक्षरी' अडलं होतं. धावत खाली गेलो तो सीट चिंब. मी फडकं शोधत होतो, तेवढ्यात चौथ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला:

"काय सेक्रेटरीसाहेब, पाऊस बघताय व्हय?"